मालगुजारी निर्मूलन व पूर्व विदर्भातील जैवविविधता

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत १९५१ पर्यंत प्रचलित असलेली मालगुजारी ही भूधारणा पद्धती कायद्याने रद्द झाल्यावर तेथील तलाव, चराऊ राने व वने यांचे स्वामित्व मालगुजारांकडून शासनाकडे गेले. या स्थित्यंतराचा जलाशयांतील व वनांतील जीवसृष्टीवर झालेला परिणाम, तसेच गावकऱ्यांच्या पारंपरिक हक्कांची पुढील काळात झालेली पुनर्मांडणी यांचा हा इतिहास होय. जमीन सुधारणांचा विचार सामान्यतः कुळ, खंड, कमाल धारणा व उत्पादन या अंगांनी केला जातो. पूर्व विदर्भाच्या बाबतीत तो तेवढ्यावर थांबविता येत नाही. कारण येथे मालगुजाराच्या ताब्यात केवळ शेते नव्हती, तर साऱ्या गावाचे पाणी, मासे, गवत, सरपण व मोहफुले होती. निर्मूलनाच्या कायद्याने शेत कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी दिले. तलावाची पाळ कोणी राखावी, रानातील बांबू कोणी व किती तोडावा, या प्रश्नांची जुनी उत्तरे मात्र त्याबरोबर नाहीशी झाली आणि त्यांच्या जागी नवी लवकर आली नाहीत.

वऱ्हाडात ब्रिटिश अमदानीत रयतवारी होती, म्हणून पश्चिम विदर्भास हे विवेचन लागू पडत नाही. नागपूर व वर्धा जिल्ह्यांत मालगुजारी होती. परंतु तलावांचे दाट जाळे मुख्यतः वैनगंगेच्या भातपट्ट्यातच आढळते. या पट्ट्यात पाऊस भरपूर पडतो. तथापि तो चार महिन्यांत आटोपतो व भाताच्या लोंब्या भरण्याच्या वेळी, आश्विनात, हमखास ओढ देतो. त्या एका पाण्यासाठी हे तलाव बांधले गेले. त्यांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक भरते. लहान तलावास या भागात ‘बोडी’ म्हणतात व भाताच्या बांध घातलेल्या वाफ्यास ‘बांधी’. सरकारी कागदपत्रांत ‘माजी मालगुजारी तलाव’ असा जो लांबलचक उल्लेख येतो, त्याचे लोकांनी ‘मामा तलाव’ असे सुटसुटीत रूप करून टाकले आहे.

तलावांची निर्मिती : चांदा जिल्ह्याच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालात मेजर ल्यूसी स्मिथ यांनी गोंड राजवटीची एक परंपरा नोंदविली आहे. तीनुसार जो जंगल तोडून गाव वसवील त्यास ते गाव व जो तलाव बांधील त्यास त्या तलावाच्या पाण्याने भिजणारी जमीन देण्याची राजाज्ञा होती. अशा देणग्यांना ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर जिल्ह्यातील अनेक गावांच्या नावांत हा शब्द अजून टिकून आहे. जमिनीचा हक्क येथे पाणी साठविण्याच्या कर्तव्याशी जोडलेला होता, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो. रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवरील आपल्या १९१६ च्या ग्रंथात या समाजाचे जलसिंचनातील कौशल्य व ऊसशेती यांचा आवर्जून उल्लेख केला असून हा समाज काशीकडून गोंड राजाबरोबर आला, ही त्यांच्यातील आख्यायिकाही दिली आहे. नवेगावबांध, शिवनीबांध व सिरेगावबांध हे त्यांचे विख्यात तलाव. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगतात. डोंगरांमधील खिंडी मातीच्या पाळींनी बुजवून एवढा जलाशय निर्माण करताना जमिनीच्या उताराचे जे ज्ञान लागले असेल, ते कोणत्याही पुस्तकातून आलेले नव्हते.

असा तलाव म्हणजे एकजिनसी पाणसाठा नव्हे. पाळीजवळ पाणी खोल व बारमाही. तेथे पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतींचे दाट थर असत. मधल्या उथळ भागात कमळे, कुमुदिनी व शिंगाडा. त्याही पलीकडे, पाणी चढते-उतरते त्या पट्ट्यात, ‘देवधान’ हे रानटी भात व नाना प्रकारचे लव्हाळे. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की उघड्या पडलेल्या ओल्या गाळात गाळपेर होई. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर सांडव्याचे पाणी ओढ्यात उतरे, तेव्हा मासे प्रवाहाविरुद्ध चढून उथळ पाण्यात व भाताच्या बांध्यांत अंडी घालीत. मरळ, शिंगी व मागूर हे पाण्याबाहेरही काही काळ तग धरणारे मासे या चढउताराशी विशेष जुळवून घेतलेले आहेत. सारस क्रौंचाचे घरटे याच उथळ काठावर किंवा लगतच्या भातशेतात असते, तर हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदके मधल्या पाणवनस्पतींवर उतरतात. तलाव, ओढा, बांधी व वरचे जंगल ही साखळी अखंड असेल, तरच ही जीवसृष्टी टिकते. कारण वरच्या जंगलातून येणारा येवा हाच तलावाचा प्राण होय.

मालगुजारी व गावाचे हक्क : ‘मालगुजार’ हा मुळात सारा गोळा करून भरणारा गावप्रमुख होता. भोसल्यांच्या काळात त्याचे स्थान पाटलाप्रमाणे होते व ते शासनाच्या मर्जीवर अवलंबून असे. नागपूरचे राज्य १८५३ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. त्यानंतरच्या जमाबंदीत इंग्रजांनी या सारा गोळा करणाऱ्यांनाच गावाचे मालक ठरविले. लागवडीच्या प्रमाणात ठरावीक पडीत गावाकडे ठेवून उरलेली विस्तीर्ण जंगले सरकारने स्वतःकडे घेतली. तीच पुढे राखीव वने झाली. गावाच्या वाट्यास आलेली पडीत, गायरान, तलाव व झाडोरा मालगुजाराच्या मालकीचा समजला गेला [⟶ जमीनदारी].

तथापि ही मालकी निरंकुश नव्हती. प्रत्येक गावाची ‘वाजिब-उल्-अर्ज’ नावाची एक नोंदवही जमाबंदीच्या वेळी तयार करण्यात आली. गुरे कोठे चरावीत, घरबांधणीस लाकूड व नांगरास इस कोणी कोठून घ्यावा, सरपण, काटे व गवत कोणास मोफत मिळावे, तलावाचे पाणी कोणत्या क्रमाने सोडावे, इ. चालीरीती तीत लिहिल्या जात. गावकऱ्यांच्या या नित्याच्या गरजांना व त्या भागविण्याच्या हक्कास ‘निस्तार’ म्हणतात. मालगुजार तलावाची दुरुस्ती गावाकडून करून घेई. ज्याची बांधी भिजे, त्याने पाळीवर माती टाकावयाची, हा शिरस्ता होता. मासेमारी व शिंगाड्याची लागवड ढीवर करीत व त्याबद्दल मालगुजारास मासे किंवा रोख रक्कम देत.

या व्यवस्थेचे अलीकडे पुष्कळ गुणगान होते, ते सावधपणे घेतले पाहिजे. पाळीवर पडणारी माती अनेकदा वेठीची होती. ढीवरांना पाण्यावर कसलाही कायम हक्क नव्हता. चांगली भिजणारी जमीन मालगुजाराच्या सीर व खुदकाश्तीत, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वहिवाटीत, असे आणि सामान्य कुळाची बांधी पाटाच्या शेपटास. गोंड व माडिया गावे कर्जापायी बिगर-आदिवासी मालगुजारांच्या हाती गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. तलाव राखला जाई, तो मालगुजाराच्या निसर्गप्रेमामुळे नव्हे, तर त्याचा स्वतःचा ऊस व भात त्यावर अवलंबून असल्यामुळे. परंतु स्वार्थाने का होईना, पाण्याची राखण करणारा कोणी तरी गावात हजर होता आणि इतरांच्या गरजा निदान कागदावर लिहिलेल्या होत्या.

निर्मूलनाचा कायदा : स्वातंत्र्यानंतर तत्कालीन मध्य प्रदेश राज्याने १९५० चा स्वामित्वहक्क निर्मूलन कायदा केला व ३१ मार्च १९५१ पासून जमीनदारी, मालगुजारी व अन्य मध्यस्थ हक्क शासनाकडे निहित झाले. मालगुजारांना नुकसानभरपाई मिळाली. घर, विहिरी, सीर व खुदकाश्त जमीन त्यांच्याकडेच राहिली. कुळांना शासनाशी थेट संबंध लाभला, ही या कायद्याची थोर कामगिरी होय व तिचे मोल पुढील विवेचनामुळे उणे होत नाही. गावातील पडीत, जंगल, झाडे, मच्छीमारीचे हक्क, पाणवठे व तलाव हे सर्व शासनाचे झाले. वहिवाटीच्या जमिनीतील तलाव, तसेच ज्यांच्या पाण्यावर मालगुजाराखेरीज अन्य कोणाचा हक्क नव्हता असे तलाव, तेवढे पूर्वीच्या धारकांकडे ठेवण्यात आले.

या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले. त्यात अहेरीचे जमीनदार राजे विश्वेश्वरराव यांची याचिका प्रमुख होती. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये कायदा वैध ठरविला. मात्र कायदा येणार ही चाहूल आधीच लागलेली होती आणि मधल्या काळात जे घडले त्याची झळ वनांना बसली. अनेक जमीनदार व मालगुजार यांनी आपल्या ताब्यातील जंगलांतील लाकूड, बांबू व तेंदूपाने यांचे दीर्घ मुदतीचे ठेके घाईघाईने देऊन टाकले. जाणारी वस्तू जाण्यापूर्वी विकून मोकळे व्हावे, असा हा साधा हिशेब होता. हे ठेके शासनावर बंधनकारक आहेत काय, या प्रश्नावर दीर्घ काळ कज्जे चालले. १९५२ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय ठेकेदारांच्या बाजूने लागला. १९५८ व १९५९ मधील निर्णयांत मात्र अशा हक्कांचे स्वरूप जमिनीतील हितसंबंधाचे असल्याचे मानून त्यांचे दावे अमान्य झाले. ही सात-आठ वर्षे कुऱ्हाडीच्या दृष्टीने फार मोठी होती. तोडलेला साग निकालाने परत उभा राहत नाही. शिवाय याच काळात प्रदेशाचे प्रशासनही पालटले : विदर्भाचे आठ जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. नव्या राज्याची कार्यपद्धती रयतवारी मुलखात घडलेली होती. निस्तार व वाजिब-उल्-अर्ज हे शब्द तिला परके होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये केवळ विदर्भासाठी निस्तारपत्रकाची कलमे घालावी लागली, ती याचमुळे.

तलावांची पुढील स्थिती : गावाचा तलाव शासनाचा झाला, तेव्हा त्याच्या पाळीवर माती टाकण्याचा शिरस्ता लयास गेला. पाणी पूर्वीप्रमाणे निस्तारात मोफत मिळावे, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. सिंचनाची आकारणी व्हावी, असे शासनाचे. या वादात दुरुस्ती कोणाची, हा मुद्दा मागे पडला. जिल्हा परिषदांची स्थापना १९६२ मध्ये झाल्यावर लहान तलाव त्यांच्याकडे सोपविण्यात आले. एकेका उपविभागाकडे शेकडो तलाव व निधी तुटपुंजा, अशा स्थितीत गाळ साचत गेला, मोऱ्या निकामी झाल्या व उथळ झालेल्या काठांवर लागवडीची अतिक्रमणे वाढली. वरच्या पाणलोटातील झुडपे तोडून तेथेही शेते निघाली. यांतील काही शेते भूमिहीनांची होती, हे नमूद केले पाहिजे. जमीन सुधारणेत ज्यांना जमीन मिळावयास हवी होती व मिळाली नाही, त्यांनी ती तलावाच्या काठी शोधली. महाराष्ट्राचा कमाल धारणेचा कायदा १९६१ मध्ये झाला. तथापि मालगुजारांच्या खुदकाश्तीत राहिलेल्या उत्तम भिजणाऱ्या जमिनीपैकी फारच थोडी भूमिहीनांच्या वाट्यास आली. राहिलेला भार गावाच्या सामाईक जमिनीवर पडला.

मच्छीमारीत झालेला बदल अधिक खोलवर पोहोचणारा होता. मच्छीमारीचे हक्क शासनाकडे आल्यावर ते ढीवरांच्या सहकारी संस्थांना मुदतीच्या ठेक्याने देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. ढीवरांना प्रथमच कागदोपत्री स्थान मिळाले, या अर्थाने ही सुधारणाच होती. परंतु ठेक्याची रक्कम भरावयाची, तर थोड्या अवधीत अधिक वजनाचे मासे हवेत; म्हणून रोहू, कटला व मृगळ यांचे बीज सोडण्याचा प्रघात पडला आणि पुढे सायप्रिनस, चंदेरा व गवत्या या परदेशी माशांचीही भर पडली. मत्स्यशास्त्राच्या तत्कालीन शिफारशीनुसार मरळ, शिंगी यांसारखे शिकारी मासे व बारीकसारीक स्थानिक जाती ‘अनिष्ट’ समजल्या जात व बीज सोडण्यापूर्वी मोहाच्या पेंडीने त्या नष्ट कराव्यात, असे शिकविले जाई. गवत्या मासा नावाप्रमाणे पाणवनस्पती फस्त करतो. या वनस्पतींबरोबर माशांची अंडी घालण्याची जागा, बदकांचे खाद्य व गोगलगायींचा आसरा गेला. मोकळ्या झालेल्या काठांवर बेशरम ही विदेशी वनस्पती फोफावली. गुरे तिला तोंड लावीत नाहीत व तिच्या जाळीत जाळे टाकता येत नाही. ढीवरांच्या दृष्टीने तो भाग तलावातून वजाच झाला. मत्स्यविज्ञानाला दोष देण्याचे कारण नाही. बंदिस्त तळ्यातील मत्स्यशेतीचे नियम त्याने एका जिवंत जलाशयास लावले, ही खरी अडचण होती. गरीब घरांतून रोज शिजणारे बारीक मासे वजनाच्या हिशेबात कधी धरलेच गेले नाहीत, त्यामुळे त्यांचे घटणेही कोणत्या तक्त्यात दिसले नाही.

स्थानिक जीवसृष्टीविषयीचे ज्ञान अर्थातच ढीवर, गोंड व कोहळी यांच्याकडे शाबूत होते. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी नवेगावबांध येथील आपल्या सेवाकाळात या लोकांकडून पक्षी, मासे व वनस्पती यांची नावे व सवयी टिपून घेतल्या आणि आपल्या लेखनातून त्या मराठी वाचकांपर्यंत पोहोचविल्या. नवेगाव हे १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. त्याआधी १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य घोषित झाले होते व २०१३ मध्ये या दोहोंसह परिसरातील वनांचा व्याघ्र प्रकल्प करण्यात आला. या संरक्षणाचा वन्य प्राण्यांना लाभ झाला, यात शंका नाही. परंतु बहुसंख्य मालगुजारी तलाव या सीमांच्या बाहेर, गावांच्या शिवारात आहेत. सारसाचे तर सारे जीवनच भातशेतीशी निगडित असल्याने तो अभयारण्याच्या कुंपणाने वाचणारा पक्षी नव्हे. महाराष्ट्रात त्याची वीण आता जवळजवळ गोंदिया जिल्ह्यापुरतीच उरली आहे आणि जी घरटी यशस्वी होतात, ती बांधीतील तेवढा तुकडा न कापता ठेवणाऱ्या शेतकऱ्यांमुळे.

झुडपी जंगल : मालगुजारांकडून आलेल्या गावठाणाबाहेरील चराऊ व झुडुपी पडितीस महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ ही संज्ञा मिळाली. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांपुरतीच ही नोंद आढळते. ही राने शेती नव्हती, म्हणून जमीन सुधारणेच्या कक्षेत आली नाहीत; दाट वने नव्हती, म्हणून वनखात्यानेही प्रारंभी त्यांना महत्त्व दिले नाही. निस्तारासाठी ठेवलेल्या या जमिनींतून शाळा, रस्ते, वसाहती, शासकीय कार्यालये व शेतीचे पट्टे यांसाठी वाटप होत गेले. वन संवर्धन अधिनियम १९८० मध्ये झाल्यावर, ही जमीन वन आहे की गायरान, हा वाद उद्‌भवला व चार दशके चालला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये झुडपी जंगल हे वनच होय, असा निर्णय दिला. तथापि १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांना संरक्षण देण्याचा मार्गही आखून दिला. ‘झुडपी’ हा शब्द तुच्छतादर्शक असला, तरी जीवशास्त्रीय दृष्ट्या ही राने तुच्छ नाहीत. गवताळ भूमीवर वाढणारे पक्षी, ससे, खोकड, औषधी कंद यांचे हेच वसतिस्थान असते आणि तलावांत येणारे पाणीही बव्हंशी याच उतारांवरून वाहत येते. येवा व तलाव ही दोन वेगळ्या खात्यांची प्रकरणे झाली, हा मालगुजारी निर्मूलनानंतरच्या व्यवस्थेतील सर्वांत मोठा दोष आहे, असे म्हणावे लागते.

वने व निस्तार : गडचिरोलीकडील जमीनदारी वनांचा इतिहास याहून वेगळ्या वळणाने गेला. ही वने शासनाच्या ताब्यात आल्यावर क्रमाने भारतीय वन कायद्याखाली संरक्षित व नंतर राखीव घोषित होत गेली आणि प्रत्येक पायरीवर निस्तार आक्रसत गेला. बांबू बल्लारपूर येथील कागद कारखान्यास दीर्घ मुदतीच्या ठेक्याने मिळू लागला. तेंदूपानांचा व्यापार १९६९ च्या कायद्याने शासननियंत्रित झाला. ज्या बांबूची टोपली विणण्यासाठी गोंडास परवाना लागे, तोच बांबू मालमोटारींतून लगद्यासाठी जाई.

या स्थितीस संघटित उत्तर १९८० नंतर मिळू लागले. इंचमपल्ली व भोपालपट्टनम् या नियोजित धरणांविरुद्ध १९८४ च्या सुमारास ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. बाबा आमटे व लालश्यामशहा यांचे नेतृत्व त्यास लाभले. त्याच वातावरणात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात ग्रामसभा बळकट झाली. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल हे या कामाचे प्रमुख प्रवर्तक. गावात अभ्यासगट चालत व निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होत. वनातून काय व किती आणावे, आग कशी रोखावी, ओली झाडे तोडू नयेत, मध काढताना पोळे जाळू नये, इ. नियम गावाने स्वतःच केले. शासनाने हक्क दिले नसतानाच गावाने कर्तव्ये पत्करली, हा क्रम लक्षणीय आहे. भूसुधारणेच्या कायद्यांत तो सहसा उलट असतो.

वनहक्क अधिनियम, २००६ या दृष्टीने मालगुजारी निर्मूलनाचे राहून गेलेले प्रकरण म्हणता येईल. सामूहिक हक्कांची गणना करताना त्यात निस्तार हा शब्द स्पष्टपणे येतो व संस्थाने, जमीनदारी किंवा तत्सम मध्यस्थ राजवटींत जे हक्क वापरले जात, तेही नामनिर्देशपूर्वक समाविष्ट केले आहेत. याच अधिनियमाने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, पुनर्निर्मिती व व्यवस्थापन करण्याचा हक्क आणि त्याबरोबर वन्य जीव व जैवविविधता यांच्या रक्षणाचे दायित्व ग्रामसभेकडे दिले. मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर वनाचा सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार त्यास एप्रिल २०११ मध्ये प्रत्यक्ष लाभला. बांबू विकून आलेल्या पैशातून गावाने मृद्‌संधारणाची कामे व वनाची राखण केली. महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ या जवळजवळ विस्मृतीत गेलेल्या कायद्याचा आधार घेऊन गावाने २०१३ मध्ये आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या स्वाधीन केली. विनोबांच्या चळवळीतील ग्रामदाने बहुधा शेतजमिनीपुरती होती. येथे शेत व वन यांचे व्यवस्थापन एकाच सभेत आले. गडचिरोली जिल्ह्यात पुढे हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. सर्वच ग्रामसभा मेंढ्याच्या तोडीच्या निघाल्या, असे नाही. काही ठिकाणी तेंदू व बांबूचा ठेकेदार सरकारी कचेरीऐवजी ग्रामसभेच्या दाराशी आला, एवढाच फरक पडला.

तलावांचे पुनरुज्जीवन : तलावांच्या बाबतीत असाच प्रयत्न भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर समाजाच्या सहकार्याने अर्जुनी-मोरगाव परिसरात केला. मनीष राजनकर हे त्याचे प्रमुख कार्यकर्ते. कोणत्या माशास कोणती पाणवनस्पती लागते, याविषयीचे वृद्ध ढीवरांचे ज्ञान प्रथम नोंदविण्यात आले. नंतर उन्हाळ्यात तलावाच्या कोरड्या पोटातील बेशरम मुळासकट काढून, जमीन नांगरून, पावसाळ्याच्या तोंडावर स्थानिक पाणवनस्पतींची लागवड करण्यात आली. या कामात ढीवर स्त्रियांचा पुढाकार होता. गवत्या मासा सोडणे बंद केल्यावर या तलावांत स्थानिक मासे वाढले व पाणपक्षीही परतले. हा उपाय खर्चिक नाही. परंतु त्याची फळे दोन-तीन वर्षांनी दिसतात आणि ठेक्याची मुदत पुढे वाढेल, याची शाश्वती नसेल, तर कोणतीही संस्था तो हाती घेण्यास कचरते.

शासनानेही जलयुक्त शिवार व २०१७ पासूनची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनांतून अनेक मालगुजारी तलावांतील गाळ काढला. साठवण वाढली व गाळ शेतांना मिळाला. मात्र यंत्राने सारा तळ एकसारखा खोल खोदला, की जेथे देवधान उगवते व सारस घरटे बांधतो तो उथळ उतरता काठ नाहीसा होतो. गाळ किती घनमीटर निघाला, याचे मोजमाप ठेवले जाते. काठ किती शिल्लक राहिला, याचे नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये गावोगावी व्यवस्थापन समित्या व जैवविविधता नोंदवह्या करावयाच्या आहेत. तलाव खोदण्यापूर्वी त्या उघडून पाहण्याची पद्धत पडल्यास ही हानी टळू शकेल. वनहक्क अधिनियमात मासे व जलाशयांतील इतर उत्पन्न यांवरील हक्कही अंतर्भूत आहे. तथापि तो वनक्षेत्रातील पाण्यापुरता चालतो. महसुली शिवारातील तलाव त्याच्या बाहेर असून तेथे ढीवरांच्या संस्थांना अद्याप मुदतीच्या ठेक्यावरच काम करावे लागते.